मान का वाकते?

(पडद्यावर फक्त सुई. मशीनचा आवाज.)

मिनिटाला ४,००० टाके घालू शकणारी ही मशीन. चालवणारीला मात्र आपण अजून पाहिलं नाही. बघूया.

इंदूर, परदेशीपुरा. शाळेच्या गणवेशांचा हंगाम. मावशी सकाळी साडेनवाला मशीनवर बसल्यात. घरात मराठी, इथं कारखान्यात हिंदी. वडील हुकूमचंद मिलमध्ये होते. १९९१ मध्ये मिल बंद पडली आणि शिवणकाम घरी आलं.

(बाजूने दृश्य.)

हनुवटी छातीकडे, खांदे वर, पाठीची कमान. माणसाचं डोकं साधारण ४ ते ५ किलोचं. मान सरळ असेल तर ते कण्यावर तोललं जातं. पुढे झुकलं की मानेमागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. ताणलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. आधी मान जड होते, मग ठणकते.

"बादली उचलली तर खाली ठेवता येते," मावशी म्हणतात, "हे डोकं कुठं ठेवू?"

फोरमन येता-जाता सांगतो, ताठ बसा. ताठ बसलं की शिवण दिसत नाही! नेव्ही ब्ल्यू कापड, दोराही नेव्ही ब्ल्यू. ट्यूबलाइट मागे, छताला. डोक्याची सावली नेमकी सुईवर. मान वाकते ती डोळ्यांसाठी, आणि आपण बाम लावतो मानेला.

मशीनचं टेबल जरा आपल्याकडे उतरतं हवं, उंची कोपराच्या आसपास, स्टुलाला पाठ. इथल्या स्टुलाला पाठ नाही. वर कातरणांची उशी आहे, मावशींनीच शिवलेली.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात सलग ५ तासांच्या आत अर्धा तास सुट्टी सांगितली होती. ती मिळते. पण मानेला हवं असतं दर थोड्या वेळाने एखादं मिनिट, आणि इथं पैसे नगावर. उठलं की बाही राहिली.

(संध्याकाळ. दिवा लागतो.)

मागच्या आठवड्यात मावशींनी मालवा मिलच्या बाजारातून चिमट्याचा छोटा दिवा आणला. चार्जिंगचा, कारण टेबलापाशी प्लग नाही. सुईजवळ लावला आणि डोकं आपोआप चार बोटं वर आलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेजारच्या मशीनवरच्या पोरीच्या आलं.

"मावशी, कितीला मिळाला?"