जमीन तुमची, बांधायचा हक्क मात्र कुणाचाच नाही

मागे एका समरला मराठी मंडळाच्या पिकनिकमध्ये एका काकांनी मला विचारलं, तुम्ही त्या लँड ट्रस्टमध्ये जाता म्हणे, म्हणजे जमिनी घेता का, आणि घेत असाल तर स्वस्तात कुठे मिळेल तेही सांगा. मी म्हटलं काका, मोकळी जमीन जपणारी संस्था आहे ती, पण आमचं उलटंय, जमीन मालकाकडेच राहते, आम्ही तिच्यातला फक्त एक हक्क काढून घेतो आणि तो आम्ही स्वतःही कधी वापरत नाही. काका माझ्याकडे असे बघायला लागले की बोस्टनच्या थंडीने याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आज जरा सविस्तर.

सातबारा तुम्हाला सगळ्यांना माहितीये. त्यात इतर अधिकार म्हणून रकाना असतो, सोसायटीच्या कर्जाचा बोजा वगैरे तिथे चढतो, आणि जमीन विकली तरी तो बोजा जमिनीबरोबरच जातो, नवा मालक मला काय माहीत म्हणू शकत नाही. आम्ही हक्क काढून घेतो त्याला कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात, आणि तो असाच एक बोजा, फक्त मालकाने आपणहून चढवलेला आणि कधीच न फिटणारा. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला कॉन्झर्वेशन रिस्ट्रिक्शन म्हणतात, बोलताना नुसतं सीआर. मुंबई-पुण्याच्या लोकांना तर टीडीआर माहितीये, म्हणजे बांधायचा हक्क जमिनीपासून सुटा काढता येतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पण टीडीआरमध्ये तो हक्क दुसऱ्या प्लॉटवर जाऊन तिथे मजले चढवतो, इथे तो तिथल्या तिथे संपतो. इथले वकील मालकीला काठ्यांची मोळी म्हणतात, राहायची काठी, शेती करायची, विकायची, मुलांना द्यायची, आणि एक प्लॉट पाडून घरं बांधायची. ती शेवटची काठी तेवढी ट्रस्टच्या हातात द्यायची, बाकी मोळी मालकाच्याच डोक्यावर.

हे सगळं सुरू झालं ते आपल्या याच भागात. चार्ल्स एलियट नावाचा एक लँडस्केप आर्किटेक्ट होता, त्याने १८९० मध्ये लिहिलं की लायब्ररी जशी पुस्तकं सांभाळते आणि म्युझियम चित्रं, तशी सुंदर जागा लोकांसाठी सांभाळणारी एक संस्था पाहिजे. पुढच्याच वर्षी, १८९१ ला, राज्याच्या कायद्याने ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स उभी राहिली, इंग्लंडचा नॅशनल ट्रस्ट नंतरचा, १८९५ चा. पण ती जमीन विकत किंवा देणगीत घ्यायची गोष्ट, तिला पैसा लागतो. नुसता हक्क काढून घ्यायची कल्पना रुजायला १९५९ साल उजाडलं, शहरांवर लिहिणाऱ्या विल्यम व्हाइटने कॉन्झर्वेशन ईझमेंट या नावानेच ती मांडली, आणि मॅसॅच्युसेट्सने १९६९ मध्ये कायद्यात बसवली. कायदा लागला कारण जुन्या इंग्रजी पद्धतीत असा हक्क शेजारच्या जमिनीच्या फायद्यासाठीच असू शकतो, वाटेचा, पाण्याचा वगैरे. ज्याची शेजारी जमीनच नाही अशा संस्थेला तो कसा मिळणार? आपला १८८२ चा ईझमेंट कायदा अजून त्याच व्याख्येवर आहे, म्हणून गावाकडे आमच्या वावरावर असं करता येईल का असं कोणी विचारलं तर मला सरळ हो म्हणता येत नाही.

आता पैशाचं, कारण सगळ्यांचे कान इथेच टवकारतात. समजा तुमची वीस एकर जागा आहे, प्लॉट पाडले तर वीस लाख डॉलर, नाही पाडले तर सहा लाख. मधले चौदा लाख ही तुमची देणगी. फेडरल टॅक्समध्ये ती दरवर्षी उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत वजा होते आणि उरलेली पुढची पंधरा वर्षं ओढत नेता येते, आणि राज्य वरून देणगीच्या निम्मं, जास्तीत जास्त पंच्याहत्तर हजारांपर्यंत, क्रेडिट देतं. पण ते चौदा लाख ठरवणार व्हॅल्युअर, आणि तिथेच काही चलाख लोकांनी दुकान टाकलं, दहा जणांनी मिळून स्वस्तात जमीन घ्यायची, कागदावर तिची किंमत फुगवायची आणि टाकलेल्या पैशाच्या कितीतरी पट रक्कम देणगी म्हणून टॅक्समध्ये वजा करायची. २०२२ च्या शेवटी काँग्रेसने अशा भागीदाऱ्यांना टाकलेल्या पैशाच्या साधारण अडीच पटीचा लगाम घातला. बरं झालं, त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांकडेही लोक संशयाने बघायला लागले होते.

सह्यांचं एका वाक्यात सांगतो, गावच्या सिलेक्ट बोर्डाची, म्हणजे गावाने निवडून दिलेल्या कारभाऱ्यांची सही, मग राज्याच्या पर्यावरण खात्याच्या सेक्रेटरीची, मग रजिस्ट्रीत नोंद. वर्ष सहज जातं. लोकांना वाटतं इथे काम संपलं, फोटो काढले, केक कापला, झालं. खरं काम त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि ते काम म्हणजे चालणं, दरवर्षी जाऊन जागा ठरल्याप्रमाणे आहे ना ते बघणं.

मी नोव्हेंबरमध्ये जातो, पानं गळालेली असतात म्हणून हद्द लांबून दिसते. हातात जाडजूड फाईल असते, सही झाली तेव्हा जागा कशी होती त्याचे फोटो, कुठे उभं राहून काढले ते नकाशावर आकडे घालून, आपण त्याच ठिकाणी उभं राहून तोच फोटो परत काढायचा. इथल्या जंगलात दगडी बांध लागतात, पूर्वी सगळी शेतंच होती ती, आता त्या बांधांच्या मधोमध ओक वाढलेत. तर तीन वर्षांपूर्वी अशाच एका बांधापाशी आलो आणि फोटो जुळेचना. फाईलमध्ये फर्नचं रान, समोर मऊसूत लॉन. शेजाऱ्याचं लॉन मॉवर दरवर्षी हात-दोन हात पुढे सरकत बांधाच्या पलीकडे पंधरा फूट गेलेलं, तिथे मुलांचा झोपाळासुद्धा उभा. मला हसूच आलं, म्हटलं हे तर आपलं बांध कोरणं! आजोबांची अख्खी हयात ज्या एका बांधाच्या भांडणात गेली तो बांध मी इथे सात समुद्र ओलांडून परत मोजत होतो. शेजारी भला माणूस, त्याला खरंच माहीत नव्हतं. गोड भाषेत पत्र गेलं, कॉपी फाईलला लागली, झोपाळा हलला, पुढच्या वर्षी गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं.

सगळेच इतके भले नसतात. ज्याने सही केली त्याचं त्या जागेवर प्रेम असतं, अडचण येते ती त्याच्याकडून विकत घेणाऱ्याची, त्याला क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या सह्यांच्या वेळी तो कागद वाचायचा कंटाळा आलेला असतो आणि नंतर टेनिस कोर्ट पाहिजे असतं. त्यासाठी वकिलाचा पैसा आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो, आणि २०१३ पासून लँड ट्रस्टांनी मिळून टेराफर्मा नावाची विमा कंपनीच चालवलीये, कोर्टाच्या खर्चासाठी.

आणि हो, सीआर आहे म्हणजे आपण तिथे डबे घेऊन जाऊ शकतो असं अजिबात नाही. काहींवर ट्रेल असते, लोकांना जाऊ देतात, काही जागा शंभर टक्के खासगी, पाटी बघून आत जा.

एक टीका मात्र मी नुसती झटकून टाकणार नाही. आपल्या आसपासच्या श्रीमंत गावांत घर घेणं नव्या माणसाला परवडत नाही, आणि अपार्टमेंट येणार म्हटलं की ती अडवायला अचानक सगळ्यांना जंगल आठवतं. असं होतं, मी मीटिंगांमध्ये ऐकलंय. माझं म्हणणं एवढंच की पाणथळ, नदीकाठ, चालू शेती यांना हात लावू नका, आणि स्टेशनजवळच्या पार्किंग लॉटला रान म्हणू नका. आमच्याच ट्रस्टमध्ये यावर दोन तट आहेत, मी कुठल्या तटात ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या काकांचं सांगायचं राहिलं. ते गेल्या वसंतात माझ्याबरोबर एकदा आले, एप्रिलमधल्या पावसाच्या रात्री, सॅलमँडर नावाचे पालीसारखे दिसणारे जीव डबक्याकडे जातात ते बघायला. काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला एक त्यांच्या बुटावरून गेला, पण काका जागचे हलले नाहीत, टॉर्च धरून बघत राहिले. निघताना म्हणाले, ही जागा केवढ्याला जाईल हो? म्हटलं काका, सहा लाखाला. यावेळी कोणाला यायचं असेल तर माझ्याकडे नाव द्या, आणि पँट मोज्यात खोचून या, टिक, म्हणजे गोचिड्या, फार आहेत.