आधी भिंत, मग कूलर

(ड्रोन. मे महिन्यातली दुपार. गच्च्या, टाक्या, खिडक्यांना टांगलेले कूलर.)

वरून पाहिलं की नागपूर कूलरचं शहर दिसतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायचा आहे, तरी रस्ते ओस पडलेत. २३ मे २०१३ ला याच शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आपण या उन्हाशी भांडतो ते पंप, मोटर आणि वाळ्याच्या ताट्या घेऊन. पण घरात ऊन शिरतं कुठून, हे नकाशा काढताना फारसं कुणी विचारत नाही.

(नागपूरचा बेसा परिसर. अर्धवट बांधकाम. सावली सरकताना.)

या घराच्या मालकांनी विचारलं. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. मे-जूनमध्ये भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर, म्हणजे मार छताला. सकाळी पूर्वेची भिंत तापते आणि संध्याकाळी पश्चिमेची तर पार भाजून निघते. दक्षिणेला मात्र दोन फुटी छज्जा पुरतो. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य ४५ अंशांवर उतरतो आणि त्याच छज्ज्याखालून घरात येतो. तेव्हा तो हवाच असतो. म्हणून घर पूर्व-पश्चिम लांब, खिडक्या उत्तर-दक्षिणेला, आणि पश्चिमेला जिना, न्हाणी, कोठीची खोली.

(मिस्त्रीचे हात. वीट, माल, ओळंबा.)

हे नीट बघा. वीट आडवी निजवलेली नाही, कडेवर उभी आहे. समोर दुसरी, तशीच. मधे पोकळी. भिंत नऊ इंचीच, पण पोटात हवा, आणि उष्णता या हवेतून सहज पुढे सरकत नाही. विटा रचण्याच्या या पद्धतीला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती रुजवली. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात. इथल्या विटा राखेच्या आहेत, त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. ही राख निघते कोराडी-खापरखेड्यासारख्या औष्णिक वीज केंद्रांतून. म्हणजे कूलर चालवण्यासाठी जाळलेल्या कोळशाचीच राख आता ऊन अडवायला उभी आहे.

(सेंट्रिंगवर कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, रांगा. रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, एकेक कवेलू पाण्यातून काढून देते.)

आता छत. स्लॅबच्या खालच्या थरात ताण सळई सोसते, तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. ते काढून त्या जागी जुन्या घरांचे उतरवलेले कवेलू बसवलेत. एकावर एक पालथा, मधे हवा. कवेलू आधी भिजवावे लागतात, नाहीतर ते काँक्रीटचं पाणी पिऊन टाकतात. दोन कवेलूंमधल्या पट्ट्यांतून सळई जाते, तिचं अंतर इंजिनिअर ठरवतो. ते अंदाजानं करायचं काम नव्हे. वरून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक, ते ऊन परतवतं. खालून छत पाहिलं की कवेलूंची नक्षी दिसते. प्लास्टरची गरजच नाही.

(बंद शाळा. लांब व्हरांडा, उंच झरोके.)

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. कारण ऊनच. या जुन्या शाळेला खोल व्हरांडा आहे, भिंती जाड आहेत आणि गरम हवा झरोक्यांतून वर निघून जाते. नव्या वर्गखोल्या बांधताना हेच विसरलं जातं.

(वर्धा रोड. संध्याकाळचं ऊन काचेच्या दर्शनी भागावर.)

आणि ही कार्यालयं. पश्चिमेला अख्खी काच, आत पडदे ओढलेले. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडद्याचा फारसा उपयोग नाही. सावली बाहेरूनच हवी.

पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत आरामदायी राहणारं घर, या नावानं ओळखलं जाणारं पहिलं घर १९९१ साली जर्मनीत डार्मस्टाटला उभं राहिलं. तिथे ऊब आत धरून ठेवायची होती, इथे ऊन बाहेर थोपवायचं आहे. आपल्याकडे २०१८ च्या इको निवास संहितेनं, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनं, घराच्या भिंती-खिडक्यांतून सरासरी किती उष्णता आत यावी, याची मर्यादा घातली आहे : चौरस मीटरला १५ वॅट.

उष्णता कमी शिरली की विजेचं बिल उतरतं, कोराडीत तेवढा कोळसा कमी जळतो.

(बेसा. भिंतीत वायरिंगची खाच मारणारा इलेक्ट्रिशियन.)

बेडरूममध्ये एसीचा पॉइंट मात्र काढलाय. जुलैत हवा ओली होते आणि कूलर नुसता दमटपणा वाढवतो. मिस्त्री म्हणतात, पंख्यावर भागेल. घरातल्या आजींना ते पटलेलं नाही.