ट्रे धरणाऱ्या मुलांची नावं

(तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात, वार्षिक पारितोषिक वितरणाच्या वेळी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

प्राचार्य महोदय, व्यासपीठावरची मंडळी, गावागावांतून आलेले पालक आणि मुलामुलींनो,

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'महाविद्यालयीन यश आणि त्याचे मोजमाप' असा छापला आहे. त्यावर मी बोलणार आहे. पण आत्ता आत येताना तुमच्या केमिस्ट्रीच्या लॅबवरून आलो. लॅबच्या दारापासून जिन्यापर्यंत जर्नलवर सह्या घ्यायची रांग लागली होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक मुलगी मांडीवर जर्नल ठेवून ग्राफ काढत होती, शेजारची तिला वाचून दाखवत होती, आणि मधेच कालच्या शेलापागोट्यातली एखादी ओळ आठवून दोघी हसत होत्या. ग्राफची रेघ हलत होती, खोडली जात होती, पुन्हा हसू. मी तिथं दोन मिनिटं उभा राहिलो. मार्च महिना, टर्म भरत आलेली, गॅदरिंगचा मांडव अर्धा सुटलेला, रांगोळीवरून कुणीतरी सायकल नेलेली. बत्तीस वर्षं मी इतिहास शिकवला, तरी दर मार्चला मला हे दृश्य नवं वाटायचं. आजही वाटलं.

टाळ्या त्या दोघींसाठी असतील तर वाजवा. नावं मला माहीत नाहीत. आणि नेमकं तेच बोलायला मी इथं आलोय, नावं.

तुम्हाला वाटेल, सर विषय सोडून चालले. नाही. आजच्या कार्यक्रमात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कोणती? चषक नाही, शाल नाही, माझं भाषण तर नाहीच नाही. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भरल्या सभेत एका पोराचं किंवा पोरीचं पूर्ण नाव पुकारलं जातं. बारशाला नाव ठेवतात ते कानात सांगतात. नाव चारचौघांत मोठ्यानं घेतलं जाण्याचा मान मिळतो तो इथं.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. झाले. किती जण? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. एका दमात चारही नावं घेता येतात. पुढे रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, भांडारकरांच्या नावानं पुण्यात संशोधन संस्था उभी राहिली. पण १८६२ साली ते कुणीच नव्हते, परीक्षा पास झालेली तरुण पोरं होती. पुढं कोण काय होणार हे आज माहीत नसतं. म्हणून तर आजच नाव नीट घ्यायचं.

आणखी एक सांगतो आणि मग माझ्या मुद्द्याकडे येतो. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. त्या काळी बोटीनं अटलांटिक ओलांडून! कशासाठी? आपल्यातल्या एका बाईचं नाव पुकारलं जाताना आपलं माणूस सभेत असावं म्हणून. इथं पलीकडे बसलेल्या आया, तुम्ही सकाळची एस.टी. धरून आलात ना? तुमची जातकुळी रमाबाईंची आहे.

आता माझं सांगतो.

साल १९७९. मी दुसऱ्या वर्षाला, कला शाखेत. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण ज्यांच्याकडून ते घडलं त्यांनी मला पुढं चांगलं शिकवलंही. घरची शेती कोरडवाहू, म्हणून मी 'कमवा आणि शिका' योजनेत होतो, म्हणजे कॉलेजातच काम करून शिकत होतो. सकाळी सहा ते आठ बागेला पाणी. संध्याकाळी एक तास ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी. मैद्याची खळ शिजवायची, त्यात मोरचूद घालायचं म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. दाभणानं भोकं पाडून शिवायचं, पाठीवर कापडाची पट्टी, वर पुठ्ठा, आणि रात्रभर फळीखाली दाबून ठेवायचं. सकाळी फळी उचलली की सुटी पानं पुन्हा पुस्तक झालेली असायची. तेव्हा जो आनंद व्हायचा, तो मला पुढे एम.ए.चा निकाल लागला तेव्हाही झाला नाही. बोटांना मोरचुदाचा निळसर डाग असायचा. वर्गात मी हात डेस्कखाली ठेवायचो. आज वाटतं, वर ठेवायला हवे होते.

त्या वर्षी निबंध स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला. बक्षीस पुस्तकाचं. बक्षिसाच्या सगळ्या पुस्तकांत नावाची चिठ्ठी डकवायचं काम ग्रंथालयाकडे, म्हणजे माझ्याकडे. ऑफिसातून चिठ्ठ्या लिहून आल्या होत्या. डकवता डकवता एक माझ्याच नावाची आली. मी ती बाजूला ठेवली आणि सगळ्यांत शेवटी डकवली, जरा जास्त खळ लावून.

गावी निरोप धाडला. आई आली. पहिल्यांदाच कॉलेजात आली. बायकांच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

आणि मी? 'कमवा आणि शिका'ची आम्ही चार पोरं व्यासपीठावर, पाहुण्यांच्या मागे, स्टीलचे ट्रे धरून उभी. माझ्या ट्रेमध्ये अकरा पुस्तकं आणि तीन चषक. पाहुण्यांनी हात मागे केला की त्या हातात वस्तू द्यायची, फक्त एवढंच काम. पाहुण्यांना गाडी गाठायची होती म्हणून नावं भराभरा घेणं चाललं होतं. निबंध स्पर्धा, पहिला क्रमांक. दुसरा. आणि तिसरा म्हणून माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मी एक पाऊल टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या सरांनी दबक्या आवाजात सांगितलं, "ट्रे सोडू नकोस. नंतर घे ऑफिसातून." माइकवरून पुकारलं गेलं, "अनुपस्थित." पुढचं नाव.

सभेत माझी आई होती. व्यासपीठावर मी होतो. दोघांच्या मधे पाहुण्यांची पाठ आणि फुलांचं टेबल. तिला मी दिसतच नव्हतो. तिनं नाव ऐकलं, मान उंच करून दाराकडे पाहिलं, कुणी आलं नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं ती परत गेली आणि वडिलांना म्हणाली, "त्याच्याच नावाचा दुसरा कुणी पोरगा होता. तो काही आला नाही. आपल्याचं नाव घेतलंच नाही."

हे मला मे महिन्यात सुट्टीत कळलं. पुस्तक मिळालं जूनमध्ये, ऑफिसच्या कपाटातून, सही करून. मी ते गावी नेलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "यात तुझं नाव कुठंय?" मी तिचं बोट धरून चिठ्ठीवर ठेवलं. खळ जास्त झाली होती, त्यामुळे चिठ्ठीची कडा फुगून वर आली होती. तिनं त्या कडेवरून चारही बाजूंनी बोट फिरवलं.

(थोडं थांबून) पाणी देता का? हां.

आता कुणी म्हणेल, सर, एका तिसऱ्या नंबराचं इतकं काय? इतकं आहे. कारण त्या दिवशी व्यासपीठावर जी चार पोरं उभी होती त्यांचं काम सगळी सभा बघत होती आणि नाव कुणालाच माहीत नव्हतं. मला निदान निबंधाचं बक्षीस तरी होतं. उरलेल्या तिघांचं काहीच नव्हतं. त्यांतला एक पहाटे चारला उठून मेसच्या भाकऱ्यांसाठी पीठ मळायचा आणि आठला वर्गात पहिल्या बाकावर असायचा. तीन वर्षं. वार्षिक अहवालात आमच्याविषयी एक ओळ होती: 'योजनेचा लाभ अमुक इतक्या विद्यार्थ्यांनी घेतला.' लाभ घेतला! आम्ही काम केलं होतं हो.

ही योजना कुठून आली ते या जिल्ह्यात सांगायची गरज नाही, तरी लहान मुलं बसली आहेत म्हणून सांगतो. १९१९ साली कराडजवळ काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवणार, स्वतः शिजवणार, स्वतः शेतात राबणार. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या जेवणासाठी पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच पायावर. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' ही ओळ तुमच्यातल्या निम्म्या पालकांनी शाळेच्या भिंतीवर वाचली असेल. आज पुणे विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीरांचंच नाव आहे.

अण्णांच्या लेखी काम हा फी भरण्याचा मार्ग होताच, पण तेवढाच नव्हता. तो शिक्षणाचा भाग होता. आपण त्यातला पहिला अर्धा भाग उचलला. मुलाला तासाचे पैसे दिले, हजेरीपटावर सही घेतली, संपलं. दुसरा अर्धा भाग, म्हणजे हे शिक्षण आहे आणि यातही कुणी निपुण होतं, कुणी पहिलं येतं, हे आपण विसरलो.

चिठ्ठी आली. प्राचार्य लिहितात, 'दहा मिनिटे.' वाचेपर्यंत आठच उरली असतील, म्हणून मोजमापाचं आता पटापटा सांगतो. लिहून आणलेली चार पानं बाजूला ठेवतो.

यश मोजायचं तर आपल्याकडे एकच फूटपट्टी आहे, गुणांची. ती वाईट नाही. विद्यापीठात नंबर काढणाऱ्या मुलीनं रात्री जागवल्या आहेत, तिचा मान पहिला. पण दुसरी फूटपट्टीही कॉलेजात आधीपासून पडून आहे, तासांची. एनएसएसकडे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेकडे बघा. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं. तिथं तास मोजले जातात आणि कागदावर येतात. नव्या शैक्षणिक धोरणात तर एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक काम यांना क्रेडिट मिळायला लागली आहेत. म्हणजे वर्गाबाहेरचं काम मोजायचंच नाही असा नियम कुठंच राहिलेला नाही. 'कमवा आणि शिका'चे तास तर रोजच्या रोज हजेरीपटावर आहेतच! फक्त ते पैसे काढण्यापुरते वापरायचे आणि मार्चअखेर कपाटात टाकायचे, एवढंच चालतं.

ते कपाटातून काढा. कोणत्या मुलीनं ग्रंथालयात किती तास काम केलं, किती पुस्तकं बांधली, कोणत्या मुलानं रोपवाटिका सांभाळली, किती रोपं जगवली, हे नावासकट वार्षिक अंकात छापा. अंकाच्या शेवटी पास झालेल्यांचे फोटो असतात ना, त्याच पानांवर. 'लाभ घेतला' हा शब्द काढा, 'काम केलं' असं लिहा. आणि अहवालवाचनात आकडा वाचू नका, नावं वाचा. चाळीस नावांना चार मिनिटं लागतात. पाहुण्यांचा परिचय त्याहून लांब असतो, आज माझाही होता.

दुसरं, बक्षीस वाटप भाषणाच्या आधी घ्या. पाहुण्याला गाडी असेल तर भाषण कापा, नावं कापू नका. आणि नाव पुकारायच्या आधी त्या मुलाला एकदा विचारून घ्या, तुझं नाव कसं उच्चारतात. आदिवासी पाड्यावरून आलेल्या, सीमाभागातून आलेल्या किती मुलांची आडनावं आपण माइकवर मोडतो! आई शेजारणीला सांगायला आतुर असते, आणि माइकवर भलतंच आडनाव येतं.

एका मुद्द्याला हात घालायचाच राहिला, मुलींच्या वसतिगृहाचा. संध्याकाळी सातला फाटक बंद, म्हणून मुलींना ग्रंथालयातलं संध्याकाळचं काम मिळतच नाही, मग त्यांचे तास भरणार कसे? प्राचार्यांशी मी यावर आतमध्ये बोललो आहे. सकाळची पाळी मुलींना आधी द्यावी असं त्यांचंही मत पडलं. पुढच्या टर्मला विचारायला मी येणार आहे.

दुसरी चिठ्ठी आली. बरोबर आहे, लांबची मंडळी परत जायची आहेत, एस.टी. सव्वापाचची आहे.

माझ्या मागं चार मुलं उभी आहेत. मघापासून ट्रे धरून. मी आल्याबरोबर त्यांना विचारलं, यादीत कुणाचं नाव आहे का? दोघांचं आहे. एकाचं क्रॉस कंट्रीत, एकीचं वक्तृत्वात. बाळांनो, ते ट्रे इकडे या टेबलावर ठेवा. असे. आता चौघंही खाली जा आणि आपापल्या माणसांजवळ जाऊन बसा. बक्षिसं मी उचलून देतो, माझे दोन्ही हात मोकळे आहेत. सूत्रसंचालकांनी यादी घ्यावी. आणि सावकाश वाचा.