फूल, दोन पानां आणि खतखतें

(दृश्य: रात्रीचे साडेदहा. फोंडा तालुक्यातल्या एका देवळाचा मंडप. नाटकाची तालीम.)

जत्रा चार दिवसांवर आली आहे आणि संभाजीराजांचा तिसरा अंक अजून पाठ नाही. दिवसा राजे बस चालवतात. तालमीला येतात ते जेवून, हात पुसत. खांबाला टेकून बसलेला प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो, राजे ते उचलतात आणि गरजतात. मराठी अशी खणखणीत की पुण्याच्या माणसाने कान टवकारावेत. संवाद संपतो. राजे विंगेकडे मान वळवतात आणि त्याच दमात कोंकणीत ओरडतात: "उदक हाड रे, ताळो सुकलो!"

मंडपात कोणी हसत नाही. यात हसण्यासारखे काही आहे, हे इथे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

(दृश्य: एका घरातली भिंत. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, गणपतीच्या आरतीचे पुस्तक.)

या घरात भांडण कोंकणीत होते आणि आरती मराठीत. लग्नाची बोलणी कोंकणीत, पत्रिका मराठीत. कुणी गेले तर रडणे कोंकणीत आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता मराठीत. यातली कोणती भाषा तुमची, असे विचारले तर घरचे लोक तुमच्याकडे जरा काळजीने पाहतात. प्रश्न त्यांच्याकडून आलेला नाही. तो बाहेरून येतो, आणि बहुतेक वेळा छापील कागदावर येतो.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रे. बायकांची लांब रांग. मतपेटी.)

असा सर्वांत मोठा कागद गोव्याच्या हातात आला 16 जानेवारी 1967 रोजी. पोर्तुगीज जाऊन पाच वर्षे झाली होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. निवडणूक नव्हे, जनमत कौल. गोवेकर आजही त्याला ओपिनियन पोलच म्हणतात. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधीच राजीनामा दिला. दोन पानांच्या बाजूला युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा. गावोगाव एकच घोष: "आमचें गोंय आमकां जाय."

निकाल: दोन पाने 1,72,191, फूल 1,38,170. फरक 34,021 मतांचा.

हा आकडा शाळेत पाठ करून घेतात. मला त्याच्या शेजारचे आकडे जास्त बोलके वाटतात. सतरा हजार अकरा माणसांनी शिक्का दुसरीकडे मारला असता तर आज पणजीत विधानसभा नसती. 7,272 मते बाद झाली; त्यातल्या काहींनी फूल आणि पाने दोन्हींवर शिक्का उमटवला असावा, असे मला उगाच वाटत राहते. आणि सत्तर हजारांवर मतदार त्या दिवशी घराबाहेर पडलेच नाहीत. त्यांचीही ती एक निवडच.

(दृश्य: माडाचे बन. माडावर चढणारा रेंदेर.)

पुढे या दिवसाची गोष्ट झाली. गोष्ट म्हटली की दोन बाजू लागतात. मराठीवाले विरुद्ध कोंकणीवाले, हिंदू विरुद्ध ख्रिश्चन, पेडणे-डिचोली-सत्तरीचे फूल आणि सासष्टीची पाने. सांगायला सोपी, आणि पूर्ण खोटीही नाही. पण त्या गोष्टीत हा रेंदेर कुठे बसवायचा? महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. विलीन झालो तर सूर (माडी) काढायचा कुणासाठी, फेणी गाळायची कुणासाठी? त्याने भाषेला मत दिले नाही, माडाला दिले.

आणि तो मुंडकार? भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर झोपडी, भाटकाराची मर्जी फिरली तर तीही नाही. त्याच्या कानावर मराठी आली ती भजनातून, कीर्तनातून आणि बांदोडकरांच्या सरकारने गावात उघडलेल्या प्राथमिक शाळेतून. गोवा वेगळा राहिला तर इथले भाटकारच राज्य करतील, ही त्याची धास्ती. त्याच्या फुलाला मराठीचा वास होता, पण मुळे जमिनीत होती. (मुंडकारांसाठीचा कायदा पुढे 1975 मध्ये झाला, तो वेगळ्या गोव्यातच. इतिहासाला थट्टा करायची सवय आहे.)

हिंदू मतदारांनीही दोन पानांवर शिक्के मारल्याशिवाय तो निकाल लागणे शक्य नव्हते. त्यांच्यापर्यंत कोण पोचले? मडगावचे 'राष्ट्रमत'. संपादक चंद्रकांत केणी. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत आणि विलीनीकरणाचा एकेक मुद्दा खोडून काढत. कोंकणीचा, वेगळ्या गोव्याचा किल्ला लढवणारे हे दैनिक होते मराठी. मराठीत वाचून लोकांनी ठरवले की महाराष्ट्रात जायचे नाही. आता ही बाजू कुठल्या रकान्यात घालायची, ते गोष्ट सांगणाऱ्यांनी ठरवावे. ते सहसा ठरवत नाहीत. हे पान उलटून पुढे जातात.

आणि दोन महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, याच मतदारांनी विधानसभेच्या 30 पैकी 16 जागा बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला दिल्या. जनमत कौल हरलेला माणूस पुन्हा मुख्यमंत्री झाला. महाराष्ट्र नको, पण भाऊ (बांदोडकर) हवेत. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी एकदा तालमीला यावे.

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणे. झपाट्याने.)

पुढचे कागद भराभर आले. 1987 चा राजभाषा कायदा: देवनागरीतली कोंकणी राजभाषा, सरकारी कामात मराठीच्या वापराला मुभा. त्याआधीच्या आंदोलनात माणसे गेली. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी लोकनाट्याच्या, रोमी लिपीला कायद्यात जागा मिळाली नाही, ती तक्रार अजून जिवंत आहे. 30 मे 1987 ला घटक राज्य. मग शाळेच्या माध्यमाचा वाद, ज्यात मराठी-कोंकणीचे नेते तावातावाने भांडत असताना पालकांनी मुकाट्याने इंग्रजी शाळेचा अर्ज भरला.

मग जनगणनेचा तक्ता. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे 66 टक्के लोकांची मातृभाषा कोंकणी, सुमारे 11 टक्क्यांची मराठी. संभाजीराजे त्या 66 टक्क्यांत. प्रॉम्प्टरही. मराठी नाटकाचा सारा मंडप त्या 66 टक्क्यांत बसलेला असतो. तक्त्यात मातृभाषेपुढे एकच नाव लिहायचे असते, आणि त्यांनी खरे तेच लिहिले.

(दृश्य: स्वयंपाकघर. एक म्हातारी नारळ किसते आहे.)

आजी 1967 साली नवी नवरी होती. सासर मगोचे, माहेर दोन पानांचे. मतदानाला ती सासूबरोबर गेली, शाळेत गेली, पडद्याआड एकटी उभी राहिली. त्या घरात तिला एकटे उभे राहायला मिळालेली ती बहुधा पहिलीच वेळ. सासऱ्यांनी विचारले नाही, नवऱ्याने विचारले, तिने सांगितले नाही. मुलांनी विचारले. आता मी, कॅमेरा लावून.

"आजी, शिक्का कोणावर मारलास?"

ती किसणी आपटून खोबरे झाडते.

"सोमार आशिल्लो," ती म्हणते. "शिवराक. घरा येवन खतखतें केल्लें." शिवराक म्हणजे शाकाहारी, खतखतें म्हणजे भाज्यांची घट्ट आमटी.

"पण फूल की पानां?"

"तोर घाल्ली, मुळो घाल्लो." ती ताटली माझ्याकडे सरकवते. "तिरफळां ना घरांत. वच, शेजारा मागून हाड."