आईच्या फोनचे ७५ रुपये

(दृश्य: साताऱ्यातलं स्वयंपाकघर. ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकून उभा केलेला फोन. काचेवर पिठाचे ठसे.)

हा फोन माझ्या आईचा. म्हणजे आता तिचा. २०१९ मध्ये तो मी घेतला, मग धाकट्या भावाने वापरला, आणि तिथून तो साताऱ्याला आला. वरच्या कोपऱ्यात काच तडकलीय, बॅटरी एकदा बदललीय. आयफोन ११. बाजारात येऊन सहा वर्षं झाली, तरी २०२५ ची नवी प्रणाली, आयओएस २६, यावर चालते.

आई त्यावर तीनच गोष्टी करते. सकाळी हरिपाठ लावते, संध्याकाळी नातीला व्हिडिओ कॉल करते आणि उरलेल्या वेळात फोटो काढते. फोटो मात्र भारंभार. फुललेली जास्वंद, उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी, झोपलेली मांजर. मांजरीचेच दोनशे असतील. फुकट मिळणारी ५ जीबी जागा केव्हाच भरली. तेव्हापासून आयक्लाउडचे, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणुकीचे, महिन्याला ७५ रुपये जातात. त्याचा मेसेज माझ्याकडे येतो, कारण कार्ड माझं.

ॲपलचे शेअर मी गेली नऊ वर्षं धरून ठेवलेत. का, असं कुणी विचारलं, तर मी आधी हा मेसेज दाखवते.

(दृश्य: पुण्यातलं घर. टेबलावर लॅपटॉप, शेजारी दोनशे पानी वही.)

एक सांगून टाकते. मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी केलेली सल्लागार वगैरे नाही. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. चुका शोधणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे कौतुक करताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

२०१६ च्या मे महिन्यात मी कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, न्यू जर्सीला होते. एप्रिलच्या २६ तारखेला ॲपलने तिमाहीचे आकडे जाहीर केले होते आणि ते वाईट होते. आदल्या वर्षी त्याच तीन महिन्यांत ६ कोटी १२ लाख आयफोन विकले गेले होते. या खेपेला ५ कोटी १२ लाख. उलाढाल ५८ अब्ज डॉलरवरून साडेपन्नास अब्जांवर. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिमाही विक्री घटली होती. दोनच दिवसांनी कार्ल आयकान या बड्या गुंतवणूकदाराने आपण सगळे शेअर विकून बाहेर पडल्याचं टीव्हीवर सांगितलं. चीनची धास्ती, म्हणाला. ऑफिसच्या कँटीनमध्ये सूर एकच: स्टीव्ह जॉब्स जाऊन पाच वर्षं होत आली, आता यांच्याकडून नवीन काही निघत नाही.

मी मांडलेला हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल असा होता. शेअर ९२ डॉलरला मिळत होता. कंपनीचा वर्षाचा नफा शेअरमागे नऊ डॉलरच्या आसपास. म्हणजे दहा वर्षांच्या नफ्याएवढी किंमत. मरायला टेकलेल्या कंपनीला असा भाव देतात. आणि माझ्या आजूबाजूला, बसमध्ये, लॉन्ड्रीत, जो तो त्या कंपनीच्या फोनमध्ये डोकं घालून बसलेला.

२० शेअर घेतले. १,८४० डॉलर.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं. बाबांचा आयुष्यभर भरवसा पोस्टावर आणि एलआयसीवर. "अगं, भाव पडतोय आणि तू घेतेस? सगळे वेडे आणि तू एकटी शहाणी?" मी गप्प बसले, कारण प्रश्न चुकीचा नव्हता.

मग १६ मेला उघड झालं की जगातले नावाजलेले गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीने ॲपलचे ९८ लाख शेअर घेतलेत. बाबांनी पेपरात वाचलं आणि फोन केला. "तुझ्यासारखाच आणखी एक निघाला म्हणायचा!"

(दृश्य: वहीचं पान जवळून. निळ्या शाईत तीन रकाने.)

आता ही वही. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी कंपनीचे वार्षिक आकडे येतात, तेव्हा मी हिच्यात तीनच आकडे लिहिते. नवा फोन कसा आहे, रंग कोणते आले, कॅमेरे किती, यातलं काही लिहीत नाही. खरं तर २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने किती फोन विकले हे सांगणंच बंद करायचं ठरवलं. लपवाछपवी म्हणून तेव्हा मीही चिडले होते. पण माझ्या वहीत तो रकाना कधी नव्हताच, हे नंतर लक्षात आलं.

पहिला रकाना: एकूण शेअर किती. ॲपल दरवर्षी नफ्यातून बाजारातले स्वतःचेच शेअर विकत घेते आणि रद्द करून टाकते. नंतर झालेली शेअरची विभागणी (एका शेअरचे अनेक छोटे शेअर करणं) धरून बोलायचं, तर २०१३ मध्ये सुमारे २६ अब्ज शेअर होते. २०२५ मध्ये उरले सुमारे १५ अब्ज. पंगतीतली माणसं हळूहळू उठून गेली आणि वाढप्याचं पातेलं मात्र मोठं होत राहिलं, असं काहीसं.

याचा परिणाम बघा. २०१३ ला निव्वळ नफा ३७ अब्ज डॉलर होता, २०२५ ला ११२ अब्ज. तिप्पट. पण शेअरमागे नफा १.४२ डॉलरवरून ७.४६ डॉलर झाला. सव्वापाच पट! तिप्पट आणि सव्वापाच पट यांच्यामध्ये जे काही आहे, त्यासाठी मी एक बोटही हलवलेलं नाही. मी फक्त पंगतीत बसून राहिले. २०२० च्या ऑगस्टमध्ये एकाचे चार झाले, म्हणून माझ्या २० चे ८० दिसतात. ते दिसण्यापुरतं, विभागणीने कुणी श्रीमंत होत नाही, एका नोटेचे सुटे घेतल्यासारखं आहे ते.

दुसरा रकाना: वापरात असलेली उपकरणं. २०१६ च्या जानेवारीत कंपनीने १०० कोटी सांगितली होती. २०२५ च्या जानेवारीत २३५ कोटी. आईचा तडकलेला फोन यात मोजलेला आहे. विक्रीच्या आकड्यांत तो २०१९ ला एकदा दिसला आणि संपला, पण या रकान्यात तो अजून जिवंत आहे. बाजार २०१६ मध्ये फोनची विक्री मोजत होता. एक फोन घरात तीन हातांतून फिरतो, हे ज्या देशात भाऊ भावाची पुस्तकं वापरतो तिथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि तिसरा रकाना म्हणजे ते ७५ रुपये. सेवा. साठवणूक, ॲप स्टोअरचं कमिशन, संगीत, दुरुस्तीचा विमा आणि गूगलकडून येणारा मोबदला, सगळं यात धरतात. २०१६ ला सेवांची उलाढाल २४ अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०२५ ला १०९ अब्ज. फोन, घड्याळं, लॅपटॉप विकून आलेल्या शंभरातले कंपनीकडे उत्पादनखर्च जाता ३७ उरतात. सेवांच्या शंभरातले ७५. आईची मांजर कंपनीला किती किफायतशीर पडते, ते यावरून कळतं.

(दृश्य: कोरेगाव पार्क. काचेच्या दारातून आत-बाहेर करणारी गर्दी.)

ॲपलचं स्वतःचं भारतातलं पहिलं दुकान २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईत बीकेसीला उघडलं. पुण्यात कोरेगाव पार्कला ४ सप्टेंबर २०२५ ला. भाच्याला घेऊन गेले होते. पंधरा वर्षांचा आहे, फोन हातात घेतल्यावर त्याने सगळ्यात आधी विचारलं, "मावशी, यात एआय कुठलं वापरायचं?"

इथे मला दुखरी नस दाखवायलाच हवी. सिरी ही आयफोनमधली बोलून काम सांगायची मदतनीस. नव्या, जास्त हुशार सिरीचं आश्वासन २०२४ च्या जूनमध्ये दिलं गेलं आणि २०२५ च्या मार्चमध्ये ते पुढे ढकललं गेलं. दहा वर्षं खपून केलेला मोटारीचा प्रकल्प २०२४ मध्ये गुंडाळला. बफे यांनी २०२४ मध्ये आपले बरेचसे ॲपलचे शेअर विकले. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांचं आयातशुल्क जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी एका दिवसात शेअर नऊ टक्क्यांहून जास्त आपटला. बाबांनी त्या दिवशी फोन केला नाही. तेच जास्त लागलं.

तरी मी आशावादी का? भाचा त्याच्या वडिलांच्या आयफोनवर ज्या एआय सेवेला गणितं विचारतो, ती ॲपलची नाही. पण तिची वर्गणी ॲप स्टोअरमधून भरली, तर पहिल्या वर्षी त्यातले ३० टक्के ॲपल ठेवून घेते, दुसऱ्या वर्षापासून १५. शर्यत कोण जिंकतंय ते मला सांगता येणार नाही. रस्त्यावर टोलनाका कुणाचा आहे, तेवढं दिसतं. या नाक्यावर सध्या अमेरिकेतली न्यायालयं आणि युरोपचे नियम हातोडा घेऊन उभे आहेत, आणि माझ्या मते खरा धोका सिरीचा नसून तो आहे. गूगलने २०२२ मध्ये नुसतं सफारीत, म्हणजे ॲपलच्या ब्राउझरमध्ये, आपलं सर्च आधी दिसावं म्हणून २० अब्ज डॉलर दिले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने असे पैसे द्यायला सरसकट बंदी घातली नाही, तेव्हा माझ्यासारख्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या वेळी सोडता येईलच असं नाही.

किंमतही २०१६ ची राहिलेली नाही. तेव्हा नफ्याच्या दहापट, आता तिसाच्या वर. दहापट भावात कंपनीने परत घेतलेला शेअर आणि तिसापट भावात घेतलेला शेअर यांत फरक आहे; पातेलं तेवढंच असलं तरी आता एकेक माणूस पंगतीतून उठवायला तिप्पट दक्षिणा पडते. म्हणून मी आहेत ते ठेवलेत, नवे घेत नाही. जो आज पहिल्यांदा घेणार आहे त्याने माझा हिशेब उचलू नये, स्वतःचा मांडावा.

आणि आपल्याकडच्यांसाठी जरा रुक्ष पण कामाचं. लाभांश, म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते तो पैसा, हातात येण्याआधी त्यातला २५ टक्के कर अमेरिकेत कापला जातो. भारतात विवरणपत्र भरताना परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, आणि तो आर्थिक वर्षाचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा असतो. अमेरिकेतली मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर गेली, तर मागे राहणाऱ्यांना तिथला वारसाकर लागू शकतो. हे मी आईला समजावून सांगितलं. "म्हणजे तू आधी आजारी पडायचं नाहीस," एवढाच तिने अर्थ काढला.

(दृश्य: पुन्हा साताऱ्यातलं स्वयंपाकघर. संध्याकाळ.)

या दिवाळीत मी तिला म्हटलं, माझा फोन तू घे, हा आता थकला. तिने हातातला फोन पदराला पुसला. उलटसुलट करून बघितला.

"घेईन की," ती म्हणाली. "पण फोटो सगळे येतील ना त्यात? मांजरीचे पण?"

येतील, म्हटलं.