कुठपर्यंत आला होता?

मंडळी, मी सव्वीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. त्या काळात सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, “मॅडम, कॉम्प्युटर चालू होत नाही.” निवृत्त झाले तरी ते थांबलेलं नाही, आता ते फोनवर ऐकू येतं. त्यावर मी एकच उलटा प्रश्न विचारते : कुठपर्यंत आला होता?

मुंबईहून चिपळूणला निघालेला पाहुणा रात्रीपर्यंत पोचला नाही, तर आपण काय करतो? घरून निघाला का, पनवेल सोडलं का, खेडपर्यंत आला का, असं विचारत जातो. पाहुणा घरातून निघालाच नसेल तर कशेडी घाटात शोधून उपयोग नाही. संगणकाचंही तसंच आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर तुमचा फोटो दिसेपर्यंत त्याला बरीच वाट चालावी लागते, आणि तो थांबतो तेव्हा त्या वाटेवरच्या एका ठरावीक जागी थांबतो. ती जागा कळली की निम्मं काम झालं. ती न शोधता “फॉरमॅट मारू या”, म्हणजे डिस्क पुसून नव्याने सुरुवात करू या, म्हणणं याची मला मनापासून चीड आहे. का, ते पुढे सांगते.

आधी वाट समजून घेऊ. संगणक बंद केला की त्याची रॅम, म्हणजे काम करतानाची तात्पुरती स्मृती, पूर्ण कोरी होते. सकाळी तो उठतो तेव्हा त्याला काहीच आठवत नसतं. कोणताही प्रोग्रॅम डिस्कवरून रॅममध्ये आणायचा, तर ते काम करायलाही प्रोग्रॅमच लागतो. तो कुठून आणायचा? तुमच्यापैकी जे रोज घरी दही लावतात त्यांना याचं उत्तर माहीत आहे. दह्यासाठी दूध असून भागत नाही, चमचाभर विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचं दहीच. संगणकातलं विरजण मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच्या, एका छोट्या चिपमध्ये जपून ठेवलेलं असतं, वीज गेली तरी पुसलं न जाणारं. त्याला पूर्वी बायोस म्हणत, हल्लीच्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. प्रोसेसर, म्हणजे सूचना पाळणारा संगणकाचा मेंदू, जागा झाला की पहिली सूचना तिथून वाचतो, मग रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो, आणि सगळे हजर असतील तर डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्सला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमला (ऑपरेटिंग सिस्टिमला), हाक मारतो.

आता बटण. घरातल्या दिव्याचं बटण वीज जोडतं-तोडतं. संगणकाचं तसं नाही. १९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना आणली, तेव्हापासून ते बटण फक्त निरोप देतं. मागे पिन लावलेली असेल तर संगणक बंद असतानाही मदरबोर्डला जांभळ्या वायरीतून पाच व्होल्ट मिळत असतात. बटण दाबलं की मदरबोर्ड हिरव्या वायरीवरून एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, उठवतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो, ते स्थिर झाले की करड्या वायरीवरून “झालं” असं कळवतो, आणि तोवर प्रोसेसर जागचा हलत नाही. म्हणून बटण दाबून पंखासुद्धा फिरला नाही, तर तुमच्या विंडोजचा, व्हायरसचा, फोटोंचा या दुखण्याशी काडीचा संबंध नाही. पाहुणा घरातून निघालेलाच नाही.

अशा वेळी त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण, कॅबिनेटच्या मागचा छोटा खटका, यूपीएस हेही बघा. यूपीएसची बॅटरी संपलेली असते आणि दोष संगणकावर येतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. यूपीएसला बाजूला ठेवून पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. तरीही काही नाही झालं, तर एसएमपीएस बदलून बघायचा, पण तो खोलायचा मात्र नाही. आपल्या २३० व्होल्टचे त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि पिन काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात. माझे हुशार विद्यार्थी झटका खाऊन बसलेले मी पाहिले आहेत.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा, ही तक्रार कोकणात पावसाळा लागला की वाढते. आधी मॉनिटरची वायर बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारी वेगळी पाटी, असलेल्या संगणकाची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या तोंडात घातलेली असते, आणि माणसं दोन-दोन दिवस हैराण होतात. वायर ठीक असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांच्यावर दमट हवेने बारीक थर चढतो. पिन काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून बाहेर काढा आणि मुलांच्या साध्या पांढऱ्या खोडरबराने ते दात हलकेच पुसा. हे काम कॅबिनेटपासून दूर करायचं, कारण खोडरबराचे कण खाचेत पडले तर दुखणं वाढेल. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांना “कट्” असा आवाज आला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. अगदी नव्या डीडीआर५ रॅमच्या संगणकात पट्टी हलवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. ते बिघाडाचं लक्षण नाही, रॅमशी त्याची जुळवाजुळव चाललेली असते. तेव्हा घाईने बटण दाबू नका.

जुने संगणक या टप्प्यावर बोलायचे. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून एक छोटी “बीप” म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन छोट्या आल्या तर बऱ्याच बोर्डांवर डिस्प्ले कार्डाची तक्रार. आता बोर्डावर स्पीकर बहुधा नसतो, पण अनेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (डिस्कवरून सुरुवात). जो दिवा लागून राहतो तिथे गाडी अडली. झाकण काढून एवढं बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

पडद्यावर अक्षरं आली की मला हायसं वाटतं, कारण आता तो स्वतः सांगतोय. पण आपण ती वाचत नाही. इंग्रजी आहेत, पांढरी आहेत, घाबरवणारी आहेत. निदान मोबाइलने फोटो तरी काढा. आणि तारीख बघा.

तारखेचं एवढं का, तर २०११ सालची गोष्ट. माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. दोन मे महिन्यांच्या सुट्टीत मी तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या आणि भावाच्या घरच्या संगणकात ठेवल्या. पुढच्या वर्षी ती गेली. त्यानंतर काही महिन्यांनी तो संगणक एका सकाळी निळ्या पडद्यावर अडकला. मी परगावी होते. भावाने तो दुकानात नेला, तिथे “विंडोज उडालंय” म्हणून डिस्क फॉरमॅट करून दिली. मी आल्यावर कॅबिनेट उघडलं. बॅटरी मृत. मदरबोर्डवर एक नाण्यासारखी बॅटरी असते, सीआर२०३२. या आकड्यातच तिचं माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि तशा जुन्या संगणकांत बायोसमधली मांडणी लक्षात ठेवणं हे तिचं काम. ती संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मांडणी कारखान्यातून आली तशी होते. त्यात डिस्कशी बोलायची पद्धत बदलली, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. डिस्क धडधाकट होती. ओव्या जागच्या जागी होत्या. तीस-चाळीस रुपयांची बॅटरी घालून बायोसमधली एक ओळ पूर्वीसारखी केली असती, तर विंडोज उघडलं असतं. भाऊ म्हणाला, “ताई, आदल्या दिवशी घड्याळात १ जानेवारी दिसत होती.” ती खूण समोर होती, पण कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या डिस्कवरून मी अकरा ओव्या परत मिळवल्या. बाकीच्यांवर नवं विंडोज लिहिलं गेलं होतं.

म्हणून दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर लिहून द्या : “विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.” तोंडी सांगितलेलं कामाच्या गर्दीत राहून जातं.

“ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड” असं काही दिसलं, तर आधी मागेपुढे पेनड्राइव्ह अडकलेला नाही ना ते बघा. संगणक त्याच्याकडेच विंडोज मागत बसलेला असू शकतो. पेनड्राइव्ह नसेल आणि डिस्कमधून टिक्-टिक् आवाज येत असेल, तर तत्क्षणी बंद करा. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारते, वाचणारं टोक तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. ते टोक घासत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून तुम्ही स्वतःच्याच फोटोंवर नांगर फिरवताय. पुरात भिजलेल्या डिस्कलाही हेच लागू. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात लोकांनी “चालतोय का बघू” म्हणून चिखल वाळायच्या आत पिना लावल्या. मला अजून वाईट वाटतं. भिजलेली डिस्क वीज न देता तशीच डेटा परत मिळवणाऱ्यांकडे न्यायची.

विंडोजचं चिन्ह दिसून ठिपके फिरत राहिले, तर यंत्र बहुधा ठीक आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून “शट डाउन” म्हणजे बहुधा पूर्ण बंद नसतं, विंडोजच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवलेली असते. “रीस्टार्ट” मात्र खरोखर नव्याने सुरू करतो. त्यामुळे कधी कधी तेवढ्यानेही भागतं. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होणं फसलं, की विंडोज आपणहून दुरुस्तीची खोली उघडतं, तिथून सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्याच गोष्टी चालू असलेल्या विंडोजमध्ये, जाता येतं. १९ जुलै २०२४ आठवतंय? क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते संगणक कार्यालयांतले होते, घरचे नव्हे. पण उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल काढायची. फॉरमॅट नाही.

मात्र अनेक ठिकाणी तिथवर जायलाही बिटलॉकर या विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली लागली. आजकालच्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपमध्येही डिस्क कुलूपबंद असते, मालकाला पत्ता नसतो. ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. संगणक चांगला असताना ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा. विंडोज अजिबात उघडत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालू करून, डिस्कवर काही न लिहिता, फोटो दुसरीकडे उतरवता येतात. कुलूप असेल तर तिथेही हीच किल्ली मागतील.

आता हे टेबलावरचं कॅबिनेट. पिन काढलेली आहे. यात मी तीन दोष करून ठेवलेत, रॅम एका टोकाला अर्धवट बसलेली आहे, बॅटरी मृत आहे आणि तिसरा सांगत नाही. मागच्या रांगेतल्या आजी, तुम्ही मघाशी विरजणाला मान डोलावलीत. या पुढे, खोडरबर इथे आहे.