शार्कच्या अंगातला युरिया

नमस्कार मंडळी. वैनगंगेच्या काठावरच्या आमच्या गावातून समुद्र शेकडो कोस दूर आहे, तरीही मागच्या आठवड्यात सहावीतल्या पुतण्याने मला विचारले, "काका, शार्क पोहत पोहत आपल्या नदीत येईल काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधायला लागलो तेव्हा मी थेट युरियाच्या पोत्यापाशी पोहोचलो.

(परात कॅमेऱ्याजवळ घ्यावी.)

लोणच्यासाठी चिरलेल्या या कैरीच्या फोडी आहेत. तासाभरापूर्वी त्यांना मीठ चोळून ठेवले होते आणि आता परातीच्या तळाशी पाणी जमले आहे, फोडीही मऊ पडल्या आहेत. मीठ जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. मिरचीच्या बुडाशी मूठभर युरिया एकाच जागी पडला की दुसऱ्या दिवशी रोप मान टाकते, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण असते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, तर बहुतेक काटेरी माशांच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे समुद्रातला मासा चोवीस तास या परातीतच राहत असतो, असे म्हणता येईल. ट्यूनासारखा तगडा शिकारी सतत समुद्राचे पाणी पितो आणि त्यातले जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. आपल्या नदीतल्या मरळीचे अगदी उलट असते. तिच्या अंगात पाणी आपोआप झिरपत राहते, म्हणून ती पाणी जवळजवळ पीतच नाही आणि पातळ लघवी मात्र सारखी करत असते.

शार्कने तिसरीच वाट धरली आहे. आपण जो युरिया लघवीवाटे टाकून देतो, तो ती रक्तात साठवून ठेवते, लिटरला सुमारे 20 ग्रॅम. आपल्या रक्ततपासणीच्या कागदावर 100 मिलिलिटरला 15 ते 40 मिलिग्रॅम हा आकडा ठीक मानतात. त्याच्या पन्नासपटीहून जास्त युरिया घेऊन ही बाई शिकारीला निघते. त्यामुळे तिचे रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित घट्ट राहते, अंगातले पाणी बाहेर ओढले जात नाही आणि तहान लागण्याचा प्रश्नच उरत नाही. एवढा युरिया खरे तर अंगातली प्रथिने मोडून टाकेल, पण त्याला उतारा म्हणून ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे दुसरे द्रव्यही ती सोबत बाळगते. शिवाय बाहेरून अंगात शिरणारे मीठ काढून टाकण्यासाठी तिच्या आतड्याच्या शेवटच्या भागाजवळ एक खास ग्रंथी असते, जिचे हे काम 1960 मध्ये उलगडले.

कोकणात लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. ती ताजी असतानाच शिजवावी लागते, कारण मेल्यावर जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. ओल लागलेल्या खताच्या पोत्याजवळ जो दर्प नाकात शिरतो, तोच इथेही असतो.

समुद्रातले बाकीचे शिकारी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या जिभेवर मीठ टाकणाऱ्या ग्रंथी असतात. ओर्का हा डॉल्फिनच्या कुळातला सस्तन प्राणी आहे. त्याला पाणी मिळते ते भक्ष्याच्या मांसातून आणि चरबी पचवताना तयार होणाऱ्या पाण्यातून. दक्षिण आफ्रिकेत गान्सबाय येथे 2017 मध्ये मोठ्या पांढऱ्या शार्क मरून किनाऱ्याला लागल्या, तेव्हा बहुतेकींचे तेलाने भरलेले यकृत तेवढे गायब होते. ते काम ओर्कांचे होते. शार्कलाही कोणी खाणारे आहे, हे आमच्या पुतण्याला अजून पटलेले नाही.

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. बहुतेक शार्क गोड्या पाण्यात तगत नाहीत, कारण इतके घट्ट रक्त घेऊन नदीत शिरले तर पाणी चहूबाजूंनी अंगात घुसेल. बुल शार्क मात्र नदीत आली की रक्तातला युरिया जवळपास निम्म्यावर आणते, मीठ टाकणारी ग्रंथी मंदावते आणि मूत्रपिंडे मरळीसारखी पातळ लघवी भरपूर करू लागतात. ॲमेझॉन नदीत ती समुद्रापासून 3,000 किलोमीटरहून आत, पेरूमधल्या इकितोसपर्यंत सापडली आहे. मादी पिल्ले घालायला नदीच्या मुखाशी येते आणि पिल्ले काही वर्षे त्या कमी खाऱ्या पाण्यात वाढतात, कारण त्यांना खाऊ शकणाऱ्या मोठ्या शार्क तिथवर सहसा येत नाहीत.

वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला, तेव्हा पाण्याची वाट आहेच. मात्र राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला 1852 साली पूर्ण झालेला बंधारा आहे, पुढे मेडिगड्डा आणि आमच्या अलीकडे गोसीखुर्द. पुतण्याला एवढे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग बंधारा होण्याच्या आधी?" तेव्हा मात्र वाट मोकळी होती.